मुके संकेतस्थळ आणि बोलते दुकान

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की पूर्वी प्रथम पाण्याचा पेला पुढे येई. मग गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर ठाण उलगडले जाई. बाई कापड बोटांच्या चिमटीत धरून पाहत, रंग जाईल का ते विचारीत, आणि ठाण उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन पुन्हा पाहत. शेठजी एकामागून एक पाच ठाण उलगडीत. त्यांतील चार परत घडी घालून फळीवर ठेवावे लागत, पण त्या श्रमाबद्दल कोणाची तक्रार नसे. न विकल्या गेलेल्या त्या चार ठाणांमुळेच पाचवे विकले जाते, हे गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे.

आज त्याच पेढीची तिसरी पिढी दुकानाचे संकेतस्थळ तयार करून घेते. त्यावर दुकानाचे दर्शनी छायाचित्र, संस्थापक आजोबांची तसबीर, 'आमच्याविषयी' असे एक पान, काही मालाची चित्रे आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक असतो. सहा महिने उलटतात आणि संकेतस्थळावरून एकही मागणी येत नाही. वडील म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मुलगा म्हणतो, लोकांना मोठ्या कंपन्यांची सवलत हवी, आपले दिवस संपले. तीन पिढ्यांच्या पेढीतील हे चित्र आज अनेक गावांत दिसते. त्यातून घरात जो अबोला निर्माण होतो, तो व्यापारातील तोट्याहून अधिक महागात पडतो.

वास्तविक दोघांच्याही निदानात एक गोष्ट सुटलेली असते. ते संकेतस्थळ मुके असते. तेथे येणाऱ्याला काही विचारता येत नाही, उलटून पाहता येत नाही, उजेडात नेता येत नाही. ज्या संवादावर पेढी तीन पिढ्या उभी राहिली, तो संवादच तेथे नाही. मग ग्राहकाने थांबावे कशासाठी?

संवाद म्हणजे काय?

परस्परसंवादी सुविधा हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. ग्राहकाने काही विचारले, निवडले किंवा भरले, आणि पानाने त्याच्यापुरते उत्तर दिले, की संवाद झाला. पिनकोड भरल्यावर माल किती दिवसांत पोचेल हे समजणे हा संवाद आहे. छातीचे आणि कमरेचे माप भरल्यावर कोणता कुर्ता बसेल हे कळणे हाही संवादच. हलणारी चित्रे, चमकणारी अक्षरे आणि पान उघडताच वाजणारे संगीत यांना मात्र संवाद म्हणता येत नाही. तो केवळ देखावा होय, आणि त्यामुळे पान उघडण्यास विलंब मात्र लागतो.

जगातील मोठ्या विक्रेत्यांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. ॲमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकविक्रीस आरंभ केला, तेव्हापासूनच वाचकांना पुस्तकाविषयी बरे-वाईट दोन्ही अभिप्राय लिहू दिले. स्वतःच विकत असलेल्या मालाची निंदा दुकानात का छापावी, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. पण प्रतिकूल अभिप्रायामुळेच अनुकूल अभिप्रायावर लोकांचा विश्वास बसला. नायकी कंपनीने १९९९ मध्ये ग्राहकाला आपल्या बुटाचे रंग संकेतस्थळावर स्वतः निवडण्याची सोय दिली. २०१० मध्ये सुरू झालेल्या वॉर्बी पार्कर या अमेरिकन चष्माविक्रेत्याने पाच चौकटी घरपोच पाठवून त्या घालून पाहू देण्याची पद्धत आणली. संकेतस्थळावर निवडायचे, आरशासमोर घालून पाहायचे आणि नको त्या परत पाठवायच्या. आयकिया या फर्निचर विक्रेत्याने २०१७ मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आपल्याच खोलीत खुर्ची किंवा कपाट खऱ्या आकारात ठेवून पाहण्याचे ॲप आणले. भारतातही चष्मा आणि दागिना चेहऱ्यावर लावून पाहण्याच्या अशा सोयी आल्या आहेत.

या सर्व उदाहरणांत तंत्र वेगवेगळे आहे, पण सूत्र एकच. ग्राहकाच्या मनात खरेदीपूर्वी जी नेमकी शंका उभी राहते, ती शंका सुविधेने दूर केली. हे पुस्तक चांगले आहे का? ही चौकट चेहऱ्याला शोभेल का? हे कपाट खोलीत मावेल का? ज्या सुविधेमागे अशी शंका नाही, तिच्यावर खर्च करण्याचे कारण नाही. वॉर्बी पार्करच्या उदाहरणात तर पाच चौकटी आणि एक खोके एवढेच साधन होते. गादीवर पाच ठाण उलगडणाऱ्या शेठजींना ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्नांची वही

म्हणून संकेतस्थळ सुधारण्याचा आरंभ संगणकापासून न करता दुकानातील गल्ल्यापासून करावा. एक कोरी वही घ्यावी आणि पंधरा दिवस दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक काय विचारते, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. दूरध्वनीवर विचारलेले प्रश्नही लिहावेत. काही न घेता गिऱ्हाईक परत गेले, तर कोणत्या वळणावर गेले तेही नोंदवावे. पंधरा दिवसांनी वही उघडली की तेच दहा-बारा प्रश्न पुनःपुन्हा आलेले दिसतील. नव्या संकेतस्थळाचा आराखडा तोच.

या कामात घरातील ज्येष्ठांचे स्थान सर्वांत मोठे आहे. यंत्र तरुणांना कळते, पण गिऱ्हाईकाच्या प्रश्नामागचा प्रश्न ज्येष्ठांना कळतो. 'रंग जाईल का' असे विचारणाऱ्या बाईंना पुष्कळदा 'ही साडी घरी कशी धुवायची' हे विचारायचे असते. 'जरा कमी करा' म्हणणाऱ्याला कित्येकदा भाव कमी नको असतो, आपण फसलो नाही एवढी खात्री हवी असते. ही जाण कोणत्याही कंपनीकडून विकत मिळत नाही. घरच्या सुनेने किंवा मुलाने ती ज्येष्ठांकडून ऐकून संकेतस्थळावर उतरवावी, म्हणजे दोन्ही पिढ्यांचे ज्ञान कामी येते.

दुकानागणिक वेगळा संवाद

कापड दुकानाच्या ग्राहकाची पहिली शंका रंग आणि पोत यांविषयी असते. एका चित्रावर ती फिटत नाही. साडीचा पदर, काठ, उलटी बाजू आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चलचित्र असे चार भाग दाखविले आणि चित्र मोठे करून विणकाम पाहता आले, तर बोटांच्या चिमटीची उणीव बरीच भरून निघते. साडीची लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही आणि धुण्याची रीत हे तेथेच लिहावे. तयार कपड्यांत मापाचा तक्ता केवळ लहान, मध्यम, मोठा असा नसावा. माप कोठून कोठे घ्यावे हे चित्राने दाखवावे आणि ग्राहकाने इंच भरले की योग्य माप सुचवावे. चुकीच्या मापामुळे परत येणारा प्रत्येक कपडा जाण्या-येण्याचा खर्च दुकानाच्या अंगावर टाकतो. त्यामुळे माप सुचविणारी ही साधी सोय आपला खर्च स्वतःच भरून काढू शकते.

सराफी पेढीत शंका भावाची आणि शुद्धतेची असते. संकेतस्थळावर हिशेबाची खिडकी असावी. समजा, दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला आणि दागिना ८ ग्रॅमचा आहे, तर सोन्याचे ८०,००० रुपये होतात. १० टक्के घडणावळ ८,००० रुपये, म्हणजे ८८,००० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी २,६४० रुपये. एकूण ९०,६४० रुपये. ग्राहकाने वजन बदलले की आकडे बदलावेत आणि प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत दिसावी. घडणावळीचा दर उघड केला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. पण जे गिऱ्हाईक घरबसल्या चार पेढ्यांचे भाव पाहते, ते न सांगणाऱ्या पेढीला प्रथम वगळते. शुद्धतेबाबतही तसेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी अनिवार्य झाला आहे. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर कसा तपासावा, हे पेढीने स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवून द्यावे. आपला माल तपासण्याची रीत जो स्वतः शिकवितो, त्याच्याविषयी निराळी जाहिरात करावी लागत नाही.

किराणा आणि फरसाणाच्या दुकानात शंका घटकांची असते. समाजातील ग्राहकाला तर हा प्रश्न फारच जवळचा. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, पण त्यात कांदा, लसूण किंवा बटाटा आहे की नाही हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. संकेतस्थळावर 'कांदा-लसूणविरहित', 'कंदमूळविरहित', 'आयंबिलासाठी' असे फिल्टर दिले, तर ग्राहकाला शेकडो वस्तूंतून आपल्या नियमांत बसणाऱ्या वस्तू क्षणात वेगळ्या करता येतात. मात्र पंथापंथांत आणि घराघरांत नियम वेगळे असतात, हे ध्यानी ठेवून प्रत्येक वस्तूचे संपूर्ण घटक मराठीत द्यावेत. माहिती दुकानाने द्यावी, निर्णय ग्राहकाने घ्यावा. माल सायंकाळी सूर्यास्तापूर्वी पोचू शकेल का, हे निवडण्याची सोय असली, तर चौविहार पाळणाऱ्या घराला ते दुकान आपले वाटेल. मोठ्या कंपनीच्या यंत्रणेला ही गरज ठाऊक नाही. लहान दुकानाला ती जन्मापासून ठाऊक आहे.

उत्तर कोणी द्यावे?

प्रश्न विचारण्याची खिडकी उघडणे सोपे असते. त्या खिडकीत कोणीतरी बसलेले असणे ही खरी कसोटी. काउंटरवर गिऱ्हाईक उभे असताना वर्तमानपत्र वाचत बसणे जितके अशोभनीय, तितकेच संकेतस्थळावरील प्रश्न दोन दिवस तसाच ठेवणे अशोभनीय आहे. म्हणून घरातील एका व्यक्तीकडे हे काम नेमून द्यावे आणि उत्तराच्या वेळा जाहीर कराव्यात. 'सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत उत्तर मिळेल' असे लिहून ते पाळणे, हे 'चोवीस तास सेवा' असे लिहून न पाळण्यापेक्षा कितीतरी बरे. पर्युषणात किंवा महावीर जयंतीस दुकान बंद राहणार असेल, तर तेही आधी लिहावे. आपला धर्म पाळणारा व्यापारी वेळही पाळतो, असाच ग्राहकाचा समज होईल.

लहान दुकानाला यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या ॲपमध्ये मालाची यादी लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात आणि दुकान बंद असताना तसा निरोप आपोआप जातो. संकेतस्थळावरील प्रत्येक वस्तूखाली 'याविषयी विचारा' असे एक बटण देऊन ते या ॲपला जोडले, तरी आरंभाला पुरेसे आहे. यंत्राने उत्तर देणारा चॅटबॉट वापरायचा असेल, तर वेळ, पत्ता, मागणी कोठवर पोचली अशा ठरावीक प्रश्नांपुरता वापरावा. लग्नाच्या बस्त्याविषयी विचारणाऱ्याशी माणसानेच बोलावे. बस्त्यासाठी संकेतस्थळावर वेळ ठरवून घेण्याची सोय द्यावी, म्हणजे कुटुंब येईल तेव्हा पसंतीचा माल काढून ठेवलेला असेल. संकेतस्थळाचे काम दुकान बंद पाडण्याचे नाही, गिऱ्हाईकाला उंबऱ्यापर्यंत आणून सोडण्याचेही आहे.

रोजमेळाप्रमाणे याचाही हिशेब ठेवावा. आठवड्यात किती प्रश्न आले, किती वेळात उत्तर दिले, त्यांतून किती खरेदी झाली, किती माल परत आला आणि कोणत्या कारणाने, एवढ्या पाच नोंदी पुरेत. एका वेळी एकच सुविधा आणावी, तीन महिने या नोंदी पाहाव्यात आणि उपयोग नसेल तर ती काढून टाकावी. न वापरलेली सुविधा म्हणजे फळीवर पडून राहिलेला माल.

मोहाची जागा

याच मार्गावर एक निसरडी जागा आहे. संकेतस्थळ चालू होताच कोणीतरी येऊन सांगतो की अमुक रुपयांत दोनशे पंचतारांकित अभिप्राय मिळतील. दुसरा सुचवितो की 'फक्त दोनच नग शिल्लक' असे कायम झळकवावे, मग फळीवर पन्नास नग असोत. तिसरा सांगतो की किंमत आधी कमी दाखवावी आणि पैसे भरताना शुल्के वाढवावीत. मोठे करतात, मग आपण केले तर काय बिघडले, असा युक्तिवाद घरातही होतो, आणि हप्ते थकलेले असताना तो पटूही लागतो.

कायद्याची भूमिका येथे स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकोनातून गृहीत धरता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्यांची सूची प्रसिद्ध केली. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू परस्पर टोपलीत टाकणे आणि शुल्क टप्प्याटप्प्याने उघड करणे या तिन्हींचा तिच्यात समावेश आहे.

परंतु श्रावकाला हे समजण्यासाठी २०२३ साल उजाडण्याची आवश्यकता नव्हती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताचा एक अतिचार कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. विकत घेतलेला अभिप्राय याहून वेगळा काय आहे? दुसरा न्यासापहार, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. परत केलेल्या मालाचे पैसे ग्राहक विसरेल या आशेने अडवून ठेवणे त्याच जातीचे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापांचा आणि प्रतिरूपक व्यवहाराचा, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकण्याचा उल्लेख येतो. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून दाखविणे किंवा चित्रातील रंग मुद्दाम गडद करणे हे त्याच सदरात पडते. पूर्वी तागडी हातात होती, आता ती पडद्यावर आहे. दांडी मारण्याचे पाप मात्र तेच.

ग्राहकाच्या माहितीविषयीही हाच विवेक हवा. संवाद वाढला की दुकानाकडे ग्राहकाचा क्रमांक, पत्ता, माप, घरातील लग्नाची तारीख आणि खर्चाची ऐपत गोळा होते. साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याचे हावभावावरून जाणलेले गुपित उघड करणे, हा अतिचार येथे आठवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती घेऊन, सांगितलेल्या कारणापुरतीच माहिती वापरण्याचे तत्त्व घालून दिले आहे. साडी पाठविण्यासाठी पत्ता लागतो, जन्मतारीख लागत नाही. न लागणारी माहिती मागूच नये. परिग्रह जसा धनाचा होतो तसाच माहितीचाही होतो, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी अंगावर येते.

प्रतिकूल अभिप्राय आला तर तो पुसू नये. त्याखाली नम्र शब्दांत काय घडले आणि काय भरपाई केली ते लिहावे. 'पार्सल उशिरा पोचले ही चूक आमची, पाठवणीचा खर्च परत केला आहे' असे एक वाक्य शेकडो वाचणाऱ्यांना दुकानाची ओळख करून देते. आपल्या मालाकडे ग्राहकाच्या बाजूनेही पाहता येणे, हा अनेकान्ताचा व्यवहारातील उपयोगच होय.

दिवाळीत भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी वहीपूजन होते आणि नव्या वर्षाचे पहिले पान उघडले जाते. यंदा त्या वह्यांशेजारी प्रश्नांची एक वहीही ठेवावी. वडिलांनी आयुष्यभर ऐकलेले प्रश्न सांगावेत, मुलांनी आणि सुनांनी ते लिहून घ्यावेत. मग संकेतस्थळ कोणी करायचे, पैसे वाया गेले की नाही आणि दोष कोणाचा, हे वाद मागे पडतील. घरात पुन्हा दुकानाविषयी बोलणे सुरू होईल. ज्या घरात ते बोलणे सुरू आहे, त्या घराचे संकेतस्थळही फार दिवस मुके राहत नाही.